मेट्रो मागायची की लाईट रेल? आधी रस्ता मोजा

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मेहुण्याचा परवा फोन आला. त्यांच्या सोसायट्यांच्या फेडरेशनला निवेदन द्यायचंय. मुख्य रस्त्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले, पण खाडीच्या बाजूला आत जे टॉवर झालेत तिथून स्टेशनपर्यंत यायला शेअर रिक्षाशिवाय काही नाही. तेव्हा आतपर्यंत रुळांवरचं काहीतरी आणा, अशी मागणी. घोडं अडलंय ते एका शब्दावर. अर्धे म्हणतात मेट्रोच मागा, मागताना कमी कशाला? अर्धे म्हणतात लाईट रेल मागा, स्वस्त असते, लवकर होते, मंजुरीही पटकन मिळते. "भाऊजी, तुम्ही एकच काय ते सांगा."

एकच सांगता येत नाही. मुलुंड, भांडुप, मीरा रोड, डोंबिवली अशा ठिकाणी राहणाऱ्यांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे, म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर.

लाईट म्हणजे काय हलकं?

लाईट रेलमधलं 'लाईट' हे मुख्यतः प्रवासी वाहण्याच्या क्षमतेबद्दल आहे. ट्रामची सुधारलेली नात म्हणा: दोन-तीन डब्यांची गाडी, विजेवर चालणारी, शक्यतो रस्त्याच्या पातळीवर, पण स्वतःच्या राखीव पट्ट्यातून. केंद्र सरकारने २०१९ मध्ये 'मेट्रोलाईट' नावाने तिचे निकष काढले. गर्दीच्या तासाला एका दिशेने १५,००० पर्यंत प्रवासी असतील तिथे ही चालेल, आणि खर्च नेहमीच्या मेट्रोच्या साधारण ४० टक्के, असा तो हिशेब. त्याखालची पायरी म्हणजे मेट्रो निओ, टायरवर धावणारी आणि वरच्या तारेतून वीज घेणारी लांब बस. नाशिकसाठी जिचा प्रस्ताव झाला ती हीच.

मुंबईला ही कल्पना नवी नाही. १८७४ साली इथे घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली. ती रस्ता मोटारींबरोबर वाटून घ्यायची. मोटारी वाढल्या तशी त्यांच्यातच अडकू लागली. तिच्यासाठी वेगळा पट्टा नव्हता, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गर्दीचं गणित

तीन डब्यांच्या मेट्रोलाईटमध्ये सुमारे ३०० माणसं धरतात. दर दोन मिनिटांनी गाडी सोडली तर तासाला ३०, म्हणजे ९,००० माणसं. दर चार मिनिटांनी सोडली तर ४,५००. मेट्रो २ए आणि ७ वरच्या सहा डब्यांच्या गाडीत दोन हजारांवर माणसं मावतात, म्हणजे चार मिनिटांच्या अंतरानेही तासाला तीस हजार. बारा डब्यांच्या लोकलशी तुलना करायलाच नको, तिच्यात माणसं मावत नाहीत, कोंबली जातात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी पडून जे झालं ते कोणी विसरलेलं नाही.

मग दोन मिनिटांनी गाडी सोडण्यात अडचण काय? अडचण चौकात आहे. रस्त्याच्या पातळीवरची गाडी चौक ओलांडते तेव्हा आडवी वाहतूक थांबवावी लागते. आपल्याकडे मोठ्या चौकात सिग्नलचा एक फेरा दोन मिनिटांच्या आसपास, कधी जास्तच. दोन्ही दिशांनी दर दोन मिनिटांना गाडी आली तर जवळजवळ प्रत्येक फेऱ्यात आडव्या रस्त्याला उभं राहावं लागणार. पहिल्याच आठवड्यात चौकात हवालदार उभा करतील आणि तो गाडीला थांबवून मोटारी सोडेल. म्हणजे पुन्हा १९६४.

मापाचं सांगायचं तर एका तासात एका दिशेने चार-पाच हजार माणसं असतील तिथपर्यंत लाईट रेल आरामात पुरेल. घोडबंदर रोड किंवा एलबीएस मार्गासारख्या कण्याला ती पुरणार नाही. मेहुण्याच्या खाडीकडच्या शाखेला मात्र पुरेल, कदाचित तिथे एवढीही माणसं नसतील.

पैसे वाचतात ते नेमके कुठे

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. लाईट रेल स्वस्त पडते ती गाडी छोटी म्हणून थोडी, आणि जमिनीवर धावते म्हणून बरीच. उन्नत पूल नाही, दोन मजली स्थानक नाही, सरकते जिने नाहीत, लिफ्ट नाही. फलाट म्हणजे फुटपाथपेक्षा थोडा उंच ओटा, एक छप्पर आणि तिकिटाचं यंत्र.

आता आपल्याकडे काय होतं बघा. बैठकीत सगळे लाईट रेलला हो म्हणतात. मग कोणीतरी म्हणतं, रस्त्याच्या दोन मार्गिका गेल्या तर आमच्या गाड्या कुठून जाणार? मग ठरतं, वरून न्या. वरून न्यायची म्हटली की खांब आले, पूल आला, जिने आले, आणि चाळीस टक्क्यांचा हिशेब कोलमडला. मेट्रोचे सगळे तोटे घेऊन मेट्रोची क्षमता मात्र घ्यायची नाही, असला सौदा होतो.

ठाण्याचंच बघा. अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो आधी मेट्रो म्हणून मांडली, मग खर्च जड म्हणून लाईट रेलचा प्रस्ताव तयार झाला, मग गाडी फिरून मेट्रोवर आली. शेवटी १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केली ती मेट्रोच: २९ किलोमीटर, २२ स्थानकं, १२,२०० कोटी रुपये, मुदत २०२९. किलोमीटरमागे ४२० कोटी झाले. तुलनेला, पूर्ण भूमिगत मेट्रो ३ किलोमीटरमागे हजार कोटींच्या वर गेली. नाव बदलण्यात गेलेल्या वर्षांची किंमत कोणत्याच रकान्यात दिसत नाही. फेडरेशनवाल्यांनी एवढं तरी घ्यावं: जे मागाल त्यावर चार वर्षं टिकून राहणार असाल तरच मागा.

या वर्तुळाची एक चांगली बाजूही सांगतो. वडाळ्याहून कासारवडवलीला येणारी मेट्रो ४ तीन हात नाका, कॅडबरी जंक्शन, माजिवडा करत जाते, पण ठाणे रेल्वे स्टेशनला शिवत नाही. वर्तुळ शिवतं. घोडबंदरच्या माणसाला लोकल पकडायची असेल तर या फरकाची किंमत रोज दोनदा कळेल.

लवकर होते?

छोटं म्हणजे लवकर, असं समजू नका. नवी मुंबईची पहिली मेट्रो, बेलापूर ते पेंधर, जेमतेम ११ किलोमीटर. काम २०११ ला सुरू झालं, प्रवासी बसले नोव्हेंबर २०२३ ला. मेट्रो ४ चं भूमिपूजन डिसेंबर २०१६ ला आणि पहिली चाचणी सप्टेंबर २०२५ ला. वेळ खाणाऱ्या गोष्टी दोन्हीकडे त्याच असतात. जमिनीखालच्या पाण्याच्या आणि मलवाहिन्या हलवायच्या, जागा ताब्यात घ्यायची, आणि कारशेडला जागा शोधायची. कारशेडवरून आरेत काय झालं ते आठवा. लाईट रेलची कारशेड लहान असते, पण लागते. निवेदनात ती कुठे होईल हे सुचवलं नसेल तर पुढचा विरोध तुमच्याच गल्लीतून येईल.

जिना

माझ्या आईला गुडघ्याचा त्रास आहे. तिला मेट्रो आवडते, गार असते, गर्दी कमी असते. पण एका स्थानकाचा सरकता जिना आम्ही गेलो त्या तिन्ही वेळा बंद होता आणि लिफ्ट रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला. तिने चौथ्यांदा रिक्षा केली.

दोन-तीन किलोमीटरच्या प्रवासाला दोन मजले चढून जायचं, तपासणीतून जायचं, पलीकडे पुन्हा दोन मजले उतरायचे, यात गाडीने वाचवलेला वेळ जिन्यातच जातो. लाईट रेल इथे बाजी मारते. दप्तर घेतलेलं पोर, भाजीची पिशवी, बाबागाडी, सगळं फुटपाथवरून सरळ डब्यात. शिवाय ती पंचवीसेक मीटर त्रिज्येचं वळणसुद्धा घेऊ शकते. मेट्रोला त्याच्या कितीतरी पट मोठं वळण लागतं, म्हणून मेट्रो वस्तीच्या कडेने जाते आणि लाईट रेल वस्तीत शिरू शकते. छोट्या अंतराच्या शाखेसाठी हा मुद्दा माझ्या मते पैशापेक्षा वजनदार आहे.

पाऊस आणि गणपती

परदेशी सल्लागारांच्या सादरीकरणात हे दोन नसतात. २६ जुलै २००५ सोडून द्या, दर वर्षी दोन-तीनदा शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी येतं आणि लोकल थांबते. उन्नत मेट्रोच्या रुळांचा पाण्याशी संबंध नाही. रस्त्याच्या पातळीवरची बुटक्या तळाची गाडी मात्र पाण्याला सगळ्यात आधी घाबरणार. खाडीच्या बाजूचा, भरावावर झालेला रस्ता असेल तर भरतीला आणि मोठ्या पावसाला तिथे किती पाणी साचतं हे रहिवाशांना चांगलं माहीत असतं. तेवढं प्रामाणिकपणे लिहून द्या. रुळांचा पट्टा रस्त्यापेक्षा उंच ठेवता येतो, पण मग दोन्ही बाजूंचं पाणी घरांकडे वळतं, त्याचीही सोय लागते.

दुसरी गोष्ट वरची तार. विसर्जनाची मिरवणूक कुठून जाते, मूर्ती किती फुटांची, दहीहंडी कुठल्या चौकात बांधतात, याचा विचार न करता तार टाकली तर ती वर्षातून बारा दिवस बंद ठेवावी लागेल. हसू नका. आपल्याकडे मार्ग यावरून बदलू शकतो.

मोनोचं भूत

लाईट रेलचं नाव काढलं की कोणीतरी म्हणतंच, मोनोचं काय झालं बघितलं ना? मोनोरेल म्हणजे खांबांवरच्या एकाच तुळईवरून धावणारी गाडी, ती आणि लाईट रेल वेगळ्या. तरी धडा घ्यावाच. चेंबूर ते वडाळा फेब्रुवारी २०१४ ला सुरू झाली, मार्च २०१९ ला सात रस्त्यापर्यंत पोचली, एकूण वीसेक किलोमीटर. गाड्या बनवणारी मलेशियन कंपनी एकच, तिचं कंत्राट संपुष्टात आलं आणि सुट्या भागांची वानवा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आग, १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात गर्दीने गाडी झुकून अडकली आणि शेकडो प्रवाशांना शिड्या लावून उतरवावं लागलं. त्यानंतर २० सप्टेंबरपासून सेवाच थांबवली. ज्या वस्तूचा शहरात दुसरा नमुना नाही तिला गॅरेज मिळत नाही, एवढं साधं आहे.

लाईट रेलच्या गाड्या जगात बऱ्याच कंपन्या करतात, रूळही साधेच, त्यामुळे मोनोइतका धोका नाही. पण एकाच शाखेसाठी वेगळा विजेचा दाब, वेगळ्या गाड्या, वेगळे चालक, वेगळी कार्यशाळा हे परवडत नाही. ठाणे, कल्याण, मीरा-भाईंदर यांनी मिळून एकाच जातीच्या चार शाखा मागितल्या तर गोष्ट वेगळी.

बसला विसरू नका

ही तुलनेतली गरीब मावशी. साठ-सत्तर माणसांची बस दर मिनिटाला सोडली तर तासाला चार हजार होतात, म्हणजे लाईट रेलच्या जवळपास. खर्च म्हणजे पट्टा, थांबे आणि बसगाड्या. पण पुण्यात २००६ पासून आणि दिल्लीत २००८ पासून बसच्या राखीव मार्गाचं काय झालं ते उघड आहे. दिल्लीचा तर २०१६ मध्ये उखडून टाकला. रंगवलेली पट्टी मोटारवाले दोन दिवसांत खातात. रूळ तसे खाता येत नाहीत, हाच लाईट रेलचा खरा फायदा. अर्थात मुंबईने रूळही डांबराखाली घातलेत, हुतात्मा चौकात खोदकामात ते पुन्हा वर आले होते.

मेहुण्याला काय सांगितलं

सांगितलं की मागणी लिहिण्याआधी फीत घेऊन रस्त्यावर उतर. दुहेरी रुळांना सात-आठ मीटर लागतात, थांब्यापाशी आणखी तीन-चार. रस्ता ३० मीटरचा असेल तर फुटपाथला सहा सोडून, रुळांना आठ देऊन, मोटारींना दोन्ही बाजूंना दोन-दोन मार्गिका उरतात. लाईट रेल मागा, आणि निवेदनातच लिहा की ती जमिनीवरूनच हवी आणि आम्ही दोन मार्गिका सोडायला तयार आहोत, अध्यक्षांच्या सहीनिशी. रस्ता १८ मीटरचा असेल तर नाव काढू नका, बस मागा, मेट्रो स्थानकाच्या जिन्याखाली थांबा मागा, आणि बस-मेट्रो-लोकलला एकच तिकीट मागा. मेट्रोची शाखा मागायची तर माणसं मोजून आकडा द्या. तीन हजारांसाठी मेट्रो कोणी देणार नाही आणि देऊही नये.

रविवारी सकाळी तो खरंच दोन पोरांना घेऊन मोजायला गेला. अकरा वाजता मेसेज आला: "भाऊजी, भिंत ते भिंत २९ भरला. पण दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या आहेत, आमच्याच सोसायटीच्या. त्या धरून मोजू की सोडून?"