आठ महिने स्लाइड्स कोडमध्ये: बीमर, मार्प आणि ‘प्रकाश’मधला श

जूनपासून शाळेच्या सगळ्या स्लाइड्स मी कोडमध्ये लिहितोय, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मजकूर टाइप करायचा, कमांड द्यायची आणि तयार पीडीएफ घ्यायची. बीमर आणि मार्प ही अशी पीडीएफ काढून देणारी दोन साधनं, त्यांची ओळख ओघात येईलच, थेट अनुभव सांगतो.

सुरुवात तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणात झाली. दहावीच्या ‘प्रकाशाचे अपवर्तन’ या धड्यावर माझं पाऊण तासाचं सत्र होतं. पेन ड्राइव्ह हॉलच्या कॉम्प्युटरला लावला, फाइल उघडली आणि माझा फॉन्ट तिथे नव्हताच, त्याच्या जागी मंगल आला, ओळी लांबल्या, सूत्रं चौकटीबाहेर गेली, आकृतीतली नावं भलत्याच किरणांवर जाऊन बसली. त्यात पहिल्या रांगेतले एक निवृत्त गुरुजी म्हणाले, “सर, बाकीचं राहू द्या, पण हा श बघा. पहिलीच्या पोरांना आपण देठाचा श शिकवतो आणि इथे दहावीच्या पडद्यावर दुसराच.” बरोबर होतं त्यांचं. माझ्या धड्याचं नावच प्रकाश, म्हणजे जवळजवळ प्रत्येक स्लाइडवर तो चुकीचा श, आणि सोबत दांडीचा हिंदी ल. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श स्पष्ट सांगितलेत. आपण मराठी माध्यमाचे शिक्षक, आपण नाही पाळायचं तर कोणी पाळायचं? त्याच महिन्यात जुन्या सॉफ्टवेअरची वर्षाची वर्गणी भरायची होती, ती भरली नाही.

पहिले पाच महिने फक्त बीमर. टिल टांटाऊ यांनी 2003 साली स्वतःच्या पीएचडीच्या सादरीकरणासाठी लिहिलेलं लेटेकचं (टाइप केलेल्या आज्ञांवरून पानं मांडणाऱ्या प्रणालीचं) पॅकेज, आज वीसहून जास्त वर्षं झाली तरी चालू आहे आणि फुकट आहे. टेक लाइव्ह म्हणजे लेटेकचा सगळा संच, तो पूर्ण बसवला तर डिस्कवर सात-आठ जीबी जागा घेतो, माझ्या नेटवर उतरवणं रात्रभर चाललं. मग मराठी. फॉन्ट सेट करायची कमांड सगळीकडे मिळते ती मेनफॉन्टची, ती टाकली तर काहीच फरक नाही, मराठीच्या जागी नुसती रिकामी जागा. दोन संध्याकाळी गेल्या तेव्हा कळलं की बीमर मुळात सॅन्स (टोकांना शेपट्या नसलेला) फॉन्ट वापरतं, त्यामुळे सेट सॅन्सफॉन्ट लिहायला लागतं. कोणी नव्याने करणार असेल तर ही एक ओळ वहीत लिहून ठेवा. झीलेटेक (लेटेकचं कॉम्प्युटरवरचे युनिकोड फॉन्ट वापरणारं रूप) घ्या, नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट घ्या, आणि कंसात स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी दोन्ही सांगा.

ते लँग्वेज मराठी सांगितलं आणि पुन्हा पीडीएफ काढली तो क्षण मला अजून आठवतोय. ‘प्रकाश’ बदलला. एकही अक्षर पुन्हा टाइप केलं नव्हतं, तरी सगळ्या स्लाइडवर देठाचा श, पाकळीचा ल. त्याचं कारण असं की युनिकोडमध्ये हिंदी श आणि मराठी श एकच आहे, एकच क्रमांक, वळण कुठलं दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो. नोटोमध्ये दोन्ही वळणं भरलेली आहेत, पण भाषा मराठी आहे हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं, नाही सांगितलं तर तो हिंदी वळण काढतो. इतकी वर्षं मला वाटत होतं की कॉम्प्युटरवर मराठी ल येतच नाही. येतो, फक्त सांगायला लागतं. बायकोला उठवून दाखवला. मुलगी चौथीत आहे, ती म्हणाली, “हा आमच्या बाईंचा ल आहे.” किनाऱ्यावर, दऱ्या यातला अर्धा ऱ्य पण नीट आला.

त्रास पण सांगतो. एक महिरपी कंस राहिला की एररचा पानभर मजकूर येतो आणि चूक असते तिसरीकडेच. माझा लॅपटॉप चार जीबी रॅमचा, चाळीस स्लाइड्सचा डेक (स्लाइड्सचा संच) निघायला अर्धा-पाऊण मिनिट, आणि एक वेलांटी सुधारली तरी पुन्हा तेवढंच थांबायचं. पॉज ही कमांड वापरून मुद्दे एकेक करून दाखवले की प्रत्येक टप्प्याचं वेगळं पान होतं, चाळीस स्लाइड्सची शंभरच्या वर पानं, ते कोणी प्रिंट मारलं की कागद वाया. हँडआउट हा पर्याय वर टाकला की पुन्हा चाळीस पानं होतात, पण हे मला एकदा शाळेचे कागद वाया गेल्यावरच कळलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

इथपर्यंतचं मी दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं आणि निष्कर्ष होता, बीमरच वापरा. आता दोन गोष्टींत मत बदललंय.

एक, रोजच्या तासासाठी मी मार्पवर आलो. मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात लिहायचं, तीन डॅश टाकले की नवी स्लाइड, व्हीएस कोड या एडिटरमध्ये टाइप करता करता बाजूला दिसत राहतं, थांबायचं कामच नाही. सकाळी साडेसहाला उद्याचा नाही, आजचाच तास तयार करायचा असतो, तिथे हेच चालतं. पहिली पीडीएफ काढली तर श पुन्हा हिंदी! काळजात चर्र झालं. मार्प पीडीएफ काढायला क्रोम वापरतं आणि क्रोमला पानाची भाषा कळायला हवी, म्हणून फाइलच्या अगदी वरच्या भागात लँग, कोलन, एमआर एवढं लिहिलं आणि स्टाइलमध्ये नोटोचं नाव दिलं, झालं. स्वतःच्या कॉम्प्युटरवरचे फोटो पीडीएफमध्ये येत नसतील तर कमांडमध्ये अलाऊ लोकल फाइल्स टाकायचं. मजकूर जास्त झाला तर मार्प तो लहान करत नाही, खालून सरळ कापला जातो, त्यामुळे वर्गात जायच्या आधी पीडीएफचं प्रत्येक पान डोळ्याखालून घालायचं. मला ही सवय चांगली वाटते, एका स्लाइडवर पोरं वाचतात तरी किती ओळी.

दुसरी गोष्ट मोठी आहे. शेजारच्या शाळेतल्या बाईंना मी हे सगळं उत्साहाने सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “सर, टिरो देवनागरी मराठी म्हणून फॉन्ट आहे, तो टाका, त्यात अक्षरं मुळातच मराठी वळणाची आहेत.” घरी येऊन जुन्या फाइलमध्ये टाकून बघितला, खरंच आली. म्हणजे फक्त ल आणि श साठी कोणी कोडकडे जायची गरज नाही, हे मला मान्य करायलाच पाहिजे. आणि हॉलमध्ये फॉन्ट नसण्याचं म्हणाल तर पीडीएफमध्ये फॉन्ट आत भरला जातो, पीडीएफ काय कुठल्याही सॉफ्टवेअरमधून काढता येते, मीच त्या दिवशी काढून नेली नव्हती.

मग अजून का टिकलोय? आकृत्यांमुळे. टिक्झमध्ये (लेटेकमध्ये आकृत्या कोडने काढायच्या पॅकेजमध्ये) मी काचेच्या चिपेची आकृती एकदाच लिहिली, आपाती कोन आणि काचेचा अपवर्तनांक 1.5 हे वर दोन आकडे, अपवर्तित किरण स्नेलच्या नियमाने तो स्वतः काढतो. कोन 45 दिला तर आतला किरण 28.1 अंशांवर, 60 दिला तर 35.3 वर. पूर्वी मी माउसने रेघ ओढायचो, अंदाजाने वाकवायचो, आणि वर्गात एखादं पोरगं पट्टी घेऊन कोनमापकाने मोजायचं तेव्हा उत्तर जुळायचं नाही. पोरांना आपण नियम शिकवतो आणि पडद्यावरची आकृतीच तो नियम मोडते, हे मला फार खटकायचं. यंदा पडद्यावरची आकृती प्रिंट काढून दिली, सगळ्यांनी मोजली, सगळ्यांचा दोन कोनांच्या साइनच्या गुणोत्तराचा आकडा दीडच्या आसपास आला. काचेतून हवेत जाताना कोन 41.8 च्या पुढे नेला की पूर्ण अंतर्गत परावर्तन, ते तर एक-एक अंश वाढवत दहा स्लाइड्समध्ये दाखवलं, दहा आकृत्या हाताने काढायच्या म्हणजे माझा रविवार गेला असता, इथे एक लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहिला. मार्पमध्ये टिक्झ थेट चालत नाही, म्हणून आकृती वेगळी काढून एसव्हीजी चित्र करून आणतो, एक पायरी वाढते पण चालतंय.

सेमी इंग्रजीच्या तुकडीसाठी तीच आकृती, फक्त नावं बदलायची. फाइल टेक्स्ट असल्यामुळे गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवतो, ऑगस्टमध्ये काय लिहिलं होतं ते ओळीनिशी दिसतं, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरी’ अशा फाइल्स संपल्या.

ज्यांना सहकाऱ्यांबरोबर मिळून एकच डेक करायचा असतो त्यांनी मात्र आधी विचार करा. मार्प पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची फाइल काढून देतं, पण नेहमीच्या पद्धतीने काढलेल्या फाइलमध्ये प्रत्येक स्लाइड चित्र असते, त्यात दुसऱ्याला एक शब्द बदलता येत नाही. आमच्या मुख्याध्यापकांना स्नेहसंमेलनाच्या स्लाइड्स शेवटच्या दिवशी स्वतः बदलायच्या असतात, ते काम मी जुन्या पद्धतीनेच करून देतो, शाळेच्या कॉम्प्युटरवर. दुसरं म्हणजे पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला तर वेलांट्या आणि रफार इकडे तिकडे होतात, पोरांना नोट्स हव्या असतील तर मी मूळ मार्कडाउनचा मजकूरच व्हॉट्सअॅपवर टाकतो.

आता पुढचा धडा ‘भिंगे व त्यांचे उपयोग’. बहिर्वक्र भिंगाची आकृती लिहायला घेतलीय, वस्तूचं अंतर बदललं की प्रतिमा आपोआप सरकायला हवी, वस्तू नाभीच्या आत आली की प्रतिमा भलतीकडे जातेय, चिन्हाच्या संकेतात कुठेतरी माझी चूक आहे. कोणी टिक्झमध्ये हे केलं असेल तर सांगा. आणि त्या निवृत्त गुरुजींना नवी पीडीएफ छापून नेऊन दिली. चष्मा लावून पहिलंच पान बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, “ल पण सुधारलात की.”