चित्रकाराच्या चार वाटा: पोटासाठी कोणतं काम, चित्रासाठी कोणते तास

चित्रं विकून घर चालवणारे चित्रकार महाराष्ट्रात आहेत, पण थोडे. बाकीचे दुसरं काहीतरी करतात आणि चित्रं काढतात, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. ज्यांची नावं आज आपण आदराने घेतो त्यांतल्या कितीतरी जणांनी तेच केलं. म्हणून मुंबईचं जे. जे., पुण्याचं अभिनव किंवा कोल्हापूरचं कलानिकेतन अशा कला महाविद्यालयांतून बाहेर पडताना 'दुसरं काम करावं का' यावर रात्री जागवण्यात अर्थ नाही. करावं लागणारच. कोणतं करावं, एवढं मात्र आपल्या हातात असतं, आणि तेही बहुतेक जण पगाराचा आकडा बघून ठरवून टाकतात. माझ्या मते आकड्याच्या आधी दोन गोष्टी बघाव्यात. ते काम दिवसातले कोणते तास खातं? आणि तुमच्यातलं काय दमवतं: हात, डोळा की डोकं?

कलाशिक्षकाची नोकरी, ऑर्डरची कामं, कलेबाहेरचा पेशा आणि फक्त चित्रं, अशा चार वाटा इथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. हल्ली प्रत्येक चित्रकाराला आपल्या कामाबद्दल लिहावंही लागतं. त्या लिहिण्याला कुठल्या वाटेवर जागा मिळते, तेही जाता जाता बघू.

शाळा किंवा कॉलेजातली नोकरी

या वाटेची बाजू मांडायची तर महादेव विश्वनाथ धुरंधरांचं नाव आधी येतं. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० मध्ये विद्यार्थी म्हणून जे. जे. मध्ये शिरला आणि १९३१ मध्ये निवृत्त होऊनच बाहेर पडला. शिकवता शिकवता त्यांनी पोस्टकार्डं केली, पुस्तकांसाठी चित्रं काढली, नव्या दिल्लीच्या सचिवालयात भित्तिचित्रं रंगवली. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आठवणींचं पुस्तक मात्र १९४० मध्ये आलं, म्हणजे नोकरी संपल्यावर. चित्रं नोकरीत मावली, पुस्तकाला निवृत्ती लागली.

आजची नोकरी धुरंधरांची नोकरी नाही, हे आधी मान्य करायला हवं. कायम पदं कमी, तासिका तत्त्वावरची जास्त, आणि तासिकेचे पैसे हातात कधी पडतील याचा भरवसा नाही. शाळेत चित्रकलेचे सर किंवा बाई म्हणजे फलकलेखन, स्नेहसंमेलनाचं नेपथ्य, पाहुण्यांसाठी रांगोळी, निवडणुकीची ड्यूटी. वर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे फॉर्म, सराव आणि पालकांचे फोन, कारण ग्रेडचे वाढीव गुण दहावीला मिळतात. या परीक्षांच्या आधीचे दोन महिने स्वतःचं चित्र होईल अशी आशा करू नये.

तरीही कायम पद मिळत असेल तर ते सोडताना दहा वेळा विचार करावा. सकाळच्या सत्राची शाळा असेल तर दुपार मोकळी मिळते. दिवाळी आणि उन्हाळ्याची सुट्टी मिळते, आणि मोठ्या कॅनव्हासला सलग दिवसच लागतात. शिकवण्याने डोकं आणि घसा दमतो, हात तुलनेने ताजा राहतो. एक धोका मात्र या वाटेवर हमखास भेटतो, तो प्रात्यक्षिकाचा. मुलांसमोर पाऊण तासात पोर्ट्रेट उभं करायची सवय लागली की हात सफाईदार होतो आणि टाळ्या मिळतात. मग घरच्या चित्रातही तीच सफाई उतरते, आणि जिथे अडून बसायला हवं तिथे हात आपोआप पुढे सरकतो. जलरंगात काम करणाऱ्यांना हे जास्त भोवतं.

ऑर्डरची कामं

मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची सजावट, कॅलेंडरं, व्यक्तिचित्रं, सोसायटीच्या भिंती, गणपतीची आरास. मराठी घरांना चित्रकला माहीत झाली ती मुख्यतः या वाटेने. मडगावचे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि गोव्याचेच रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची चित्रं माजघरातल्या भिंतीवर आणि ट्रंकेतल्या अंकांवर होती. गॅलरीची पायरीही न चढलेल्या माणसांना ती ओळखता यायची. दलालांनी तर १९४५ मध्ये 'दीपावली' हा स्वतःचा अंकच सुरू केला. दुसऱ्याच्या अंकासाठी चित्र काढण्यापेक्षा आपला अंक काढावा, हे धाडस आजच्या भाषेत आपलं व्यासपीठ आपणच उभं करणं झालं. मात्र त्या व्यासपीठाबरोबर लेखकांकडून मजकूर मिळवणं, जाहिराती, छपाई, वितरण हे सगळंही आलंच.

पैसा सगळ्यांत लवकर दिसतो तो इथे. सोमवारी काम आलं, पुढच्या सोमवारी चेक, असं घडू शकतं. वाईट दिवसही इथेच दिसतात. 'पार्टी' आधी मोबाइलवरचा अंधुक फोटो पाठवते, मग म्हणते, "साडी हिरवी करा, आणि आईंचा चेहरा जरा उजळ." निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि बदल किती वेळा करून देणार हे आधी लिहून घ्यावं. ओळखीच्या माणसाकडून तर नक्कीच, कारण पैसे थकतात ते ओळखीतलेच.

या वाटेची खरी किंमत वेगळी आहे, आणि म्हणून इथे थोडं थांबतो. ऑर्डरचं काम तोच हात, तोच डोळा आणि तीच रंगपेटी वापरतं. दिवसभर दुसऱ्याच्या आवडीचा निळा लावून रात्री स्वतःचा निळा शोधायला बसलं की हात दिवसाचाच निळा उचलतो. 'ऑर्डरी करून हात खराब होतो' असं जुने चित्रकार म्हणत, ते कसब बिघडतं या अर्थाने नाही. कसब वाढतंच. कमी होते ती चुकायची तयारी. ज्या कामात चुकलं की पैसे कापले जातात, त्या कामात रोज आठ तास घालवणारा माणूस स्वतःच्या चित्रातही जपून वागू लागतो. शिवाय स्वस्तातल्या सजावटीची आणि मुखपृष्ठांची कामं आता सॉफ्टवेअरने बनवलेल्या चित्रांकडे सरकत आहेत. या वाटेने जायचंच असेल तर समोर माणूस बसवून केलेलं व्यक्तिचित्र, हाताने रंगवलेली भिंत, अशा जागी उभं राहावं. तिथे ग्राहकाला माणसाचा हातच हवा असतो.

कलेबाहेरचा पेशा

या वाटेकडे कला महाविद्यालयात हमखास नाक मुरडलं जातं. मला मात्र चारही वाटांत हीच सगळ्यांत कमी समजून घेतलेली वाटते.

सुधीर पटवर्धन पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, कुठल्याही कलाशाळेत गेले नाहीत, आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. इराणी हॉटेलात बसलेला माणूस, रेल्वेचे पूल, ठाण्याचा पोखरण रस्ता, गिरण्या गेल्यानंतरचं लोअर परळ ही त्यांची चित्रं याच तीस वर्षांतली. क्ष-किरणांच्या फिल्मा बघणाऱ्या डोळ्यांमुळेच त्यांची माणसं इतकी देहधारी झाली, असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा, कारण ठाण्यातले सगळेच रेडिओलॉजिस्ट काही चित्रकार झाले नाहीत. पण पैशाची बाजू स्पष्ट आहे. चित्र विकलं जावं म्हणून काढायची वेळ त्यांच्यावर नव्हती, आणि लोकल ट्रेनमधला घामेजलेला कामगार रंगवताना तो कोणाच्या दिवाणखान्यात शोभेल का याची चिंता करावी लागत नव्हती. मुंबईचे गीव्ह पटेलही असेच. दवाखाना, कविता, नाटकं आणि चित्रं, सगळं एकाच आयुष्यात.

सगळ्यांना डॉक्टर होता येत नाही, आणि चित्रकलेची पदविका घेतलेल्याला तर हा सल्ला उशिराच मिळतोय. पण कमी प्रतिष्ठेच्या रूपातही ही वाट असते: बँक, पोस्ट, ग्रंथालय, घरचं दुकान. निवडताना दोनच निकष लावावेत. काम ठरलेल्या वेळी संपावं आणि घरी सोबत येऊ नये. जाहिरात संस्थेतली नोकरी कलेच्या जवळची वाटते, पण ती या दोन्ही निकषांवर नापास होते. ती धड ऑर्डरचं कामही नाही आणि धड नोकरीही नाही, दोन्हींतलं त्रासदायक तेवढं घेते.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) या वाटेच्या आणि पहिल्या दोन वाटांच्या मधे कुठेतरी बसतात. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर १९६१ मध्ये ते सरकारच्या विणकर सेवा केंद्रात लागले, आधी वाराणसीत, मग मुंबईत, आणि दोन दशकं तिथेच राहिले. काम कलेचं होतं, पण ते कापडाच्या नक्षीचं, कॅनव्हासचं नाही. वाराणसीच्या वर्षांत तंत्रमार्गातल्या चित्रांशी त्यांची ओळख झाली आणि ती पुढे त्यांच्या चित्रांत उतरली. नोकरीने त्यांना नुसता पगार दिला नाही, वाराणसीही दिली. अशी नोकरी मागून मिळत नाही. मिळाली तर पगार थोडा कमी असला तरी घ्यावी.

फक्त चित्रं

वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण नेहमी दिलं जातं. नागपूरला १९२४ मध्ये जन्म, १९७२ पासून दिल्लीत मुक्काम, संसार नाही, माणसांचा राबता नाही, वर्षाला मोजके कॅनव्हास. २०१३ च्या डिसेंबरात मुंबईत झालेल्या क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३.७ कोटी रुपयांना गेलं. ही बातमी वाचून नोकरी सोडायचा विचार करणाऱ्यांनी तीच बातमी पुढेही वाचावी. गायतोंडे २००१ मध्येच गेले होते. आणि ज्याच्यावर घराचा हप्ता आणि शाळेची फी आहे, त्याला एकट्या माणसाचा हिशेब लागू पडत नाही.

व्यवहाराचं बोलायचं तर पूर्णवेळ चित्रकाराचा बराच वेळ चित्रात जातच नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. ती मिळाली की भाडं, फ्रेमवाला, टेम्पो, कॅटलॉगची छपाई आणि आठवडाभर मुंबईत राहणं. सांगली-कोल्हापूरच्या माणसाला त्या एका आठवड्याचा खर्च चांगलाच जाणवतो. खासगी गॅलरीने घेतलं तर तारखेची चिंता मिटते, पण विक्रीतला मोठा वाटा तिचा. उतरायचंच असेल तर हाताशी दोन वर्षांचा घरखर्च हवा. एका वर्षाचा पुरत नाही, कारण पहिलं वर्ष जमवाजमवीत जातं.

आणि लिहायचं कधी?

बरवे रोजनिशी लिहीत. चित्रांबद्दलचे विचार, आकृत्या, शंका. त्यातून 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये आलं, आणि मराठीत चित्रकाराने आतून लिहिलेलं असं लेखन फार कमी आहे. नोकरी, चित्रं आणि लिहिणं हे तिन्ही एका माणसाने सांभाळल्याचं माझ्या मते हे सगळ्यांत चांगलं मराठी उदाहरण. जमलं, कारण ते लिहिणं आधी स्वतःसाठी होतं. त्याला ना तारीख होती, ना वाट बघणारा वाचक.

लोकांसाठी नियमित लिहायचं ठरवलं की गणित बदलतं. शिक्षकाला ते सोपं जातं, कारण वर्गात रोज समजावून सांगितलेलंच कागदावर येतं. ऑर्डरवाल्याला त्यातून गिऱ्हाइकं मिळतात, पण दाखवता येईल असंच काम हाती घ्यायचा चाळाही लागतो. पूर्णवेळवाल्याला प्रदर्शनाचं टिपण, शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी लिहावंच लागतं. बाहेरच्या पेशातल्या माणसाला सगळ्यांत कमी वेळ असतो, पण दिवसभर चित्रांपासून लांब राहिल्याने सांगण्यासारखं साठलेलं असतं. महिन्याला एक नीट लेख ही मर्यादा कोणालाही झेपते. दर आठवड्याचं वचन देऊ नये, ते पहिल्या घरगुती आजारपणात मोडतं. चालू असलेल्या चित्रावर लिहू नये, हे माझं मत थोडं हट्टी आहे. शब्द आधी आले की चित्र त्यांच्या मागे जाऊ लागतं. लिहिण्यासाठी लोकल, जेवणाची सुट्टी, रात्रीचे साडेदहा असे उरलेसुरले तास द्यावेत. सूर्यप्रकाशाचे तास कागदाला देऊ नयेत.

हा प्रकाशाचा मुद्दा निवड करताना सगळे विसरतात. निसर्गचित्रकाराला सकाळचे दोन किंवा संध्याकाळचे दोन तास लागतातच. दहा ते सहाची नोकरी आणि वर दीड तासाचा प्रवास असेल तर आठवड्याला रविवार तेवढा उरतो, म्हणून त्याला दुपारची किंवा सकाळची शाळा बरी. स्टुडिओत काम करणाऱ्याला रात्र चालते, पण पिवळ्या बल्बखाली लावलेला रंग सकाळी भलताच दिसतो. दिवसाच्या उजेडासारखा पांढरा, म्हणजे पाच ते साडेसहा हजार केल्व्हिनचा आणि नव्वदच्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचं माप) असलेला एलईडी आधी घ्यावा, महागडे ब्रश नंतर. रोज तासभरच मिळत असेल तर ॲक्रिलिक किंवा जलरंग सोयीचे. सुट्टीतच सलग दिवस मिळत असतील तर तैलरंग, कारण ते आज लावून उद्याही ओले मिळतात.

आणि कुठलीही वाट धरलीत तरी घरच्यांशी तासांचं बोलणं आधी करून घ्यावं. 'आज जरा चित्र काढतो' यापेक्षा 'मंगळवार, गुरुवार, नऊ ते अकरा' हे घरात जास्त पाळलं जातं. बाईने सांगितलं तर कमी पाळलं जातं, हेही खरं आहे. चित्रकार बायकांनी म्हणूनच शक्य असेल तर घराबाहेरची जागा बघावी, मग ती मैत्रिणीबरोबर भाड्याने घेतलेली दहा बाय दहाची खोली का असेना. तिचं भाडं पोटासाठी घेतलेल्या कामातूनच द्यायचं, म्हणून काम निवडताना हा खर्चही धरावा.