तारांकित की अतारांकित? खासदाराच्या प्रश्नाचे दोन रस्ते

मतदारसंघातल्या रखडलेल्या रेल्वे उड्डाणपुलाचं गाऱ्हाणं लोकसभेत न्यायचं, तर खासदाराला आधी ठरवावं लागतं: प्रश्न तारांकित टाकायचा की अतारांकित?

तारांकितचं बळ पुरवणी प्रश्नात. मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात. ‘काम प्रगतिपथावर आहे’ म्हणाले, की लगेच विचारता येतं, ‘मग भूसंपादन कुठे अडलंय?’ पण दिवसाला असे प्रश्न फक्त २०, तेही सोडतीतून. प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत पाळी आली नाही, तर लेखी उत्तरावरच भागवावं लागतं.

अतारांकितला दिवसाला २३० जागा. उत्तर लेखी, पुरवणीला वाव नाही. तरी मला हाच रस्ता जास्त कामाचा वाटतो. मंजूर निधी किती, खर्च किती झाला, मुदत कोणती, असं नेमकं विचारलं की आकडे सरकारी कागदावर येतात. तो कागद लोकसभेच्या संकेतस्थळावर कुणालाही मिळतो आणि तो हातात घेऊन गावकरी थेट जिल्हाधिकारी कार्यालयात जाब विचारू शकतात. मोघम विचारलं, तर मात्र उत्तरही मोघमच येतं.

आकडे आधीच हाती असतील आणि मंत्रालय टाळाटाळ करत असेल, तेव्हा तारांकितसाठी नशीब आजमावावं.