जुना हेडफोन: घरी दुरुस्त करावा की कारागिराकडे द्यावा?
सेनहायझर कंपनीचा १९६८ मध्ये बाजारात आलेला एचडी ४१४ हा हेडफोन एका बाजूने बंद पडल्यामुळे, तो घरीच उघडावा की महात्मा गांधी रोडवरील कारागिराकडे न्यावा, असा पेच गंगापूर रोडवरील माझ्या स्नेह्यांना पडला आहे. सोल्डरिंग आयर्न (तारा डाख देऊन जोडण्याचे साधन) आणि मल्टीमीटर (विद्युतरोध मोजणारे मापक) आधीच असेल, तर घरची दुरुस्ती निश्चितच स्वस्त पडते. टिकाऊपणा दोन्हीकडे जोडाच्या सफाईवर ठरतो. खरा फरक जोखमीचा आहे, कारण इतक्या जुन्या हेडफोनचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. म्हणून केबल काढून मल्टीमीटर थेट त्या बाजूच्या पिनांवर लावावा. रोध सुमारे २००० ओहम दिसला, तर कॉइल (आवाज निर्माण करणारे बारीक तारेचे वेटोळे) शाबूत असून दोष बहुधा केबलमध्ये किंवा प्लगमध्ये असतो आणि ते काम घरी निर्धास्तपणे करता येते. मल्टीमीटरने रोधाचा आकडाच दाखवला नाही, म्हणजे आत तार तुटलेली असली, तर कॉइलची केसासारखी बारीक तार जोडण्याचे काम सरावलेल्या हातांकडेच सोपवावे.