सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: जागा मुबलक, पण व्याजासकट

स्कॉटलंडमधलं हे गोल्फचं मैदान पहिल्यांदा बघाल तर वाटेल, एवढं कौतुक ते याचंच? ना झाडं, ना तळी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला करड्या दगडाचं गाव, आणि मधे चुरगळलेल्या चादरीसारखी उंचसखल गवताळ जमीन. मुलगी डंडीला असते, तिथून बसने अर्धा-पाऊण तास. "आई, इथे खेळल्याशिवाय तुला पुण्याला जाऊ देणार नाही," असं तिने मी उतरल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

हा कोर्स कुठल्या क्लबाचा नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिल्या टीच्या (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) मागची ती भारदस्त इमारत रॉयल अँड एन्शंट क्लबची, पण मैदान सार्वजनिक. 1974 च्या कायद्यानुसार एक ट्रस्ट ते चालवतो. हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा, दाखला हवा आणि दोन दिवस आधी सोडतीत नावं टाकायची, की झालं. म्हाडाच्या सोडतीपेक्षा बरी म्हणायची, आम्हाला तिसऱ्या खेपेला लागली. हंगामात फी तीनशे पौंडांच्या वर जाते. बँकेत 33 वर्षं काढलेल्या बाईला हा आकडा पचवायला दोन दिवस लागले.

पण खेळायला लागल्यावर कळलं की हा कोर्स रचणाऱ्यालाही कर्जव्यवहार चांगला ठाऊक असावा. (रचणारा असा कोणी एक नाहीच. शेकडो वर्षांत वारा, मेंढ्या आणि माणसांनी मिळून केलेलं हे काम.) डावीकडे जागाच जागा असते. माझ्यासारख्या बेताच्या फटक्याच्या बाईने बिनधास्त तिकडे मारावं, चेंडू हरवत नाही. मात्र पुढच्या फटक्याला वसुली सुरू होते: ग्रीन (भोक असलेली गुळगुळीत हिरवळ) तिरकं दिसतं आणि मधे नेमका बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, येतो. उजवीकडून मारलं तर ग्रीनचं दार सताड उघडं, पण तिकडे मैदानाची हद्द अगदी चिकटून.

16व्या होलला (होल म्हणजे टीपासून भोकापर्यंतचा एक टप्पा) हे स्वच्छ दिसतं. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध 'प्रिन्सिपल्स नोज' नावाचे बंकर आहेत. त्यांच्या उजवीकडे चिंचोळी पट्टी आणि लगेच जुन्या रेल्वेमार्गाची हद्द, डावीकडे ऐसपैस. मुलगी उजवीकडून गेली आणि चार फटक्यांत सुटली. मी डावीकडून गेले, सहा.

14व्याला 'हेल' बंकर. खड्डा कसला, गावाकडची विहीरच. 1995 च्या ओपनमध्ये (ब्रिटनमधली मोठी स्पर्धा) जॅक निकलॉससारख्या दिग्गज खेळाडूला या होलवर दहा फटके लागले होते. आमच्या कॅडीने, म्हणजे काठ्या वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या सोबत्याने (त्याचं स्कॉटिश इंग्रजी मुलगी मला मराठीत सांगत होती) सरळ डावीकडे, 5व्याच्या फेअरवेवर मारायला लावलं. दुसऱ्याच्या अंगणातून आपल्या घरी. इथे ते चालतं.

17वा, रोड होल, जगभर का गाजतो ते तिथे उभं राहिल्यावर समजलं. आमच्या पुढचे पुरुष हॉटेलच्या आवारावरून, शेडवरच्या पाटीतलं एकेक अक्षर नेमून मारत होते. जो जितका उजवा कोपरा कापेल त्याला ग्रीन तितकं लांबीत मिळतं. डावीकडून येणाऱ्यापुढे रोड बंकर, आणि तो ओलांडून चेंडू जास्त गेला तर मागे खरोखरचा रस्ता आणि दगडी भिंत. मी बंकरच्या अलीकडेच थांबले आणि पटरने (जमिनीवरून चेंडू ढकलायच्या काठीने) कडेकडेने वर चढले. घट्ट जमिनीवर चेंडू पळवत न्यायचा हा खेळ आपल्याकडे पाणी पिऊन मऊ झालेल्या गवतावर शिकायलाच मिळत नाही. साठीच्या खेळाडूला तर हे वरदान.

ग्रीन मात्र अवाढव्य. 14 होल मिळून 7 ग्रीन वापरतात, आणि जोडीची बेरीज नेहमी 18: दुसरा-सोळावा, पाचवा-तेरावा. गावापासून लांब जाताना पांढरे झेंडे, परत येताना लाल. मी एकदा चुकून लाल झेंड्याकडे नेम धरला होता, कॅडी खोकला म्हणून वाचले.

जायचं असेल तर आदल्या रविवारी नुसतं फिरून या. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि मैदान बागेसारखं खुलं. कुत्री, बाबागाड्या, आजी-आजोबा. टीवरून न दिसणारे बंकर त्या दिवशी मोजून ठेवा. जुन्या दगडी स्विल्कन पुलावरचा फोटोही तेव्हाच काढून घ्या.

आणि सोडत लागलीच नाही, तर शेजारी 'हिमालयाज' आहे. 1867 साली बायकांच्या क्लबासाठी केलेलं पटिंगचं मैदान, कारण काठी खांद्याच्या वर नेऊन फटका मारणं तेव्हा बायकांना शोभत नसे म्हणे. आता थोडक्या पौंडांत कोणीही खेळावं. आम्ही मायलेकी तिथे दोन तास होतो, आणि तिथे मी जिंकले.