मालवणातली घरगुती खानावळ : बांगडा झकास, आणि ‘चेडू’चं काय ते

मालवण जेटीवरून सिंधुदुर्ग बघून परतलो, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खानावळीत चारच टेबलं, पंख्याची खरखर. मालकीण काकींनी माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला विचारलं, “गो चेडवा, तुका काय व्हया?” लेकीचा चेहरा पडला. शेजारच्या टेबलावरच्या पुणेरी काकू कुजबुजल्या, “मुलांशी असं बोलतात का?”

मी दादरची, पण सासर कुडाळचं. लग्नानंतर पहिलं वर्षभर मलाही हे शब्द टोचायचे. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, झील म्हणजे मुलगा. सासूबाई स्वतःच्या लेकाला अजून ‘झिला’च म्हणतात. चेडू तर नपुंसकलिंगी, ‘ता चेडू’. पण आपलं लेकरू, पोर, मूल तरी कुठे वेगळं? ‘कार्टं’ मात्र सुरावर जातं: आजी म्हणाली तर लाड, वाढप्यानं म्हटलं तर मी ताटावरून उठेन.

काकींनी तसलं काही केलं नाही. माझ्या लेकाला “झिला, काटे बघान खा” म्हणत स्वतः बांगडा सोलून दिला. रव्यातला बांगडा कुरकुरीत, सोलकढी ताजी, तिरफळ घातलेलं तिखलं अप्रतिम. भात जरा गार होता, आणि हात धुवायला मागच्या विहिरीपाशी जावं लागतं. पार्किंग विसराच.

निघताना लेकीनं विचारलं, “आजी, चेडवाला अजून एक घावणा मिळेल?” मिळाला. बिलात लावला नव्हता.