कातकरवाडीवर फोनवरचे डॉक्टर : आठ महिने वापरून

आमच्या वाडीवर रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीपाशी, आणि टाकीपाशी सकाळ-संध्याकाळ बायकांची रांग. तिथे टॅब धरून कुणी सांगायचं, की झोप लागत नाही, जीव नकोसा झालाय? पहिले दोन महिने असेच वाया गेले.

मी मुरूड तालुक्यातली आशा सेविका. गेल्या गणपतीपासून एका संस्थेच्या टॅबवरून वाडीतल्या माणसांची मनोविकारतज्ज्ञांशी गाठ घालून देते. नाहीतर अलिबागला जायचं म्हणजे एस.टी.चे दोन तास, परतीचे दोन आणि दिवसाची मजुरी बुडाली. तेवढ्यासाठी कुणी जात नव्हतं, जाणारही नाही.

डॉक्टर भले, पण सुरुवातीला प्रश्न पुस्तकातले. "उदास वाटतं का?" यावर कातकरी माणूस "नाय" म्हणणार आणि गप्प बसणार. त्यांची बोली वेगळी, मलाही अर्धी कळते. मग आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकलेली वाडीतलीच एक पोर शेजारी बसवायला लागले. तिने डॉक्टरांनाच सांगितलं, "त्यांना विचारा, रात्री खेकड्यांना जाता का?" विचारलं. "नाय जात. दोन महिने झाले. मनच नाय." पुढे अर्धा तास तो माणूस बोलत होता. माझ्या मते या सगळ्या सोयीत मोलाची गोष्ट कुठली असेल तर ती पोर. तिला मानधन मात्र शून्य.

भगताचं विचाराल, तर डॉक्टरांनी त्याला नावं ठेवली नाहीत. कोंबडी द्यायची तर द्या, गोळी चुकवू नका, एवढंच म्हणाले. बरं झालं.

खरा उपयोग कळला दिवाळीनंतर. उचल अंगावर घेतलेली घरं वीटभट्टीवर गेली, वाडी निम्मी रिकामी. त्यांत आमचा एक पेशंटही. दवाखान्याचा पेशंट असता तर तिथेच सुटला असता. पण फोन भट्टीवर गेला! रात्री नऊला, माती मळून झाल्यावर, तो डॉक्टरांशी बोलायचा, मी इकडून कॉलवर. भट्टीवर त्याला निवांत कोपराही मिळाला, वाडीत मिळत नव्हता तो.

तक्रार गोळ्यांची. डॉक्टर पडद्यावर आणि गोळ्या अलिबागला, मग उपयोग काय? उपकेंद्रात त्या मिळत नाहीत. दोनदा भट्टीकडे निघालेल्या नातेवाइकाच्या पिशवीत घालून पाठवल्या, एकदा पोचल्याच नाहीत. त्या खंडात त्याची झोप पुन्हा गेली. शिवाय २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे काही औषधं पहिल्या भेटीत नुसत्या आवाजावर लिहून देता येत नाहीत, व्हिडिओ लागतो. नियम बरोबरच आहे, पण आमच्याकडे व्हिडिओ म्हणजे परत टाकी. फेब्रुवारीत डॉक्टर बदलले, तेव्हा एका बाईने नव्यांना पुन्हा सगळं सांगायला साफ नकार दिला. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

रात्री-अपरात्रीसाठी सरकारचा टेली-मानस, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या मदतीचा नंबर सांगून ठेवलाय : १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. वाचता न येणाऱ्यांनी आकडे ओळखावेत म्हणून पोरांनी ते कोळशाने दारामागे मोठे काढलेत.

पाचपैकी तीन चांदण्या देते. गोळ्या उपकेंद्रात आल्या तर चार.

मेअखेर भट्टीवरची माणसं परततील, आणि पाऊस लागला की टाकीवरची रेंजही बेभरवशाची. शाळा थोडी उंचावर आहे, तिथे एक दांडी जास्त दिसते. बंद पडलेल्या वर्गाची खोली मागितली आहे. चावी गुरुजींकडे आहे, आणि गुरुजी सुट्टीवर गावी गेलेत.